तोंड सरळ झालं, पण डोळ्यापुढे हे काय दिसतं?

देवगडकडून एका मुलाने वडिलांबद्दल विचारलं आहे. वडील तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे मुख्य चालक, वय ५२. गेल्या गणपतीत एका सकाळी चूळ भरताना पाणी उजव्या कोपऱ्यातून सांडलं, आरशात पाहिलं तर तोंड डावीकडे ओढलेलं आणि उजवा डोळा मिटत नव्हता. डॉक्टरांनी बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याच्या एका बाजूचा लकवा, सांगून गोळ्या दिल्या, मेंदूचा एमआरआय चांगला आला, आणि शिमग्यापर्यंत चेहरा जवळजवळ पहिल्यासारखा झाला. मग नवीनच तक्रारी सुरू झाल्या. जेवायला बसलं की उजव्या डोळ्यावर सावली उतरते आणि डोळ्यातून पाणी गळतं. रात्री बंदरातले दिवे उभे ताणलेले दिसतात, कधी एकाचे दोन. सकाळी उठल्यावर बराच वेळ धुकं असतं. अंधारात डोळा घट्ट मिटला की कडेला उजेडाचं वेटोळं चमकतं. नजर चालली आहे का, मेंदूत काही राहून गेलंय का, आणि बाबांनी होडीवर जावं का, असे तीन प्रश्न आहेत.

आधी मुद्द्याचं सांगते. या चारही तक्रारी चेहऱ्याची नस भरून येण्याच्या काळात आम्हाला नेहमी ऐकू येतात. तुम्ही लिहिलंय तशाच त्या असतील, तर त्यांतली एकही नजरेची नस खराब झाल्याची खूण नाही. पण ‘काही नाही, आपोआप जाईल’ असंही मी म्हणणार नाही. चौघींपैकी सकाळच्या धुक्याकडे आजपासून लक्ष द्यायला हवं, कारण तिथे दुर्लक्ष झालं तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. बाकीच्या तीन त्रासदायक आहेत, धोकादायक नाहीत.

रत्नागिरीत डोळे तपासताना मला वर्षानुवर्षं एकच गोष्ट दिसत आली आहे. चेहऱ्याचा लकवा बरा झाला की नाही, हे सगळे तोंडावरून ठरवतात. ‘हसून दाखवा, शिट्टी वाजवा’ म्हणायचं, ओठ सरळ आले की घरचे नारळ फोडायला मोकळे. पापणी पूर्ण मिटते का, मिनिटाला पंधराएक वेळा ती खालपर्यंत येते का, झोपेत फट राहते का, हे कुणी बघत नाही. आणि पुढच्या बहुतेक भानगडी तिथेच असतात.

मेंदूच्या नसांच्या क्रमात चेहऱ्याची ही नस सातवी. मेंदूतून निघून ती कानामागच्या हाडातल्या एका बोगद्यातून बाहेर येते. हा बोगदा जेमतेम ३ सेंटिमीटर लांब आणि सर्वांत अरुंद जागी एक मिलिमीटरपेक्षाही कमी रुंद. नसेला सूज आली की तिला पसरायला जागाच नसते, ती तिथे आवळली जाते. चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यवैद्याने १८२१ साली या नसेचं काम मांडलं, म्हणून त्याचं नाव या आजाराला चिकटलं. वारा लागून तोंड वाकडं झालं, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. तुमच्या बाबांनाही समुद्रावरच्या वाऱ्याचा दोष देणारे भेटले असतील. आज जास्त वजन आहे ते शरीरात दडून बसलेला नागिणीच्या कुळातला विषाणू पुन्हा जागा होतो या कारणाला. मधुमेह असेल तर शक्यता वाढते. बाबांनी काही चुकीचं केलं म्हणून हे झालेलं नाही, एवढं त्यांना जरूर सांगा.

या नसेत दहा हजारांच्या आसपास तंतू असतात. काही चेहऱ्याच्या स्नायूंना जातात, काही अश्रूंच्या ग्रंथीला, काही लाळेच्या ग्रंथींना, काही जिभेच्या पुढच्या भागातून चव आणतात, आणि एक बारीक फांदी कानाच्या आतल्या इवल्याशा स्नायूला जाते. दिसणं मात्र तिच्याकडे नाही. ते दुसऱ्या नसेचं काम. बुबुळ इकडेतिकडे फिरवणं तिसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या नसेचं. वरची पापणी उचलणं तिसरीचं, आणि मिटणं सातवीचं. म्हणूनच बेल्स पाल्सीत डोळा उघडा राहतो, पापणी खाली पडत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मग सातवी नस दुखावली तर दिसण्यात फरक का पडावा? कारण डोळ्याच्या एकूण भिंगशक्तीपैकी सुमारे दोन तृतीयांश शक्ती बुबुळावरच्या पारदर्शक काचेची, म्हणजे कॉर्नियाची असते. ती काच काम करते तिच्यावर पसरलेल्या अश्रूंच्या थरामुळे. तो थर काही मायक्रॉनचा, केसापेक्षा कितीतरी पातळ. दर वेळी पापणी मिटते तेव्हा तो नव्याने सारखा केला जातो. पापणी अर्ध्यावरून परत गेली की खालचा भाग कोरडा पडतो, प्रकाश वेडावाकडा शिरतो आणि डोळ्याचा पडदा व मेंदू पूर्ण शाबूत असूनही चित्र बिघडतं.

आता चेहरा सुधारत असतानाच नव्या तक्रारी का येतात ते बघू. बेल्स पाल्सीचे साधारण ७० टक्के रुग्ण औषधाविनाही पूर्ण बरे होतात, आणि पहिल्या ७२ तासांत स्टिरॉइड सुरू झालं तर हे प्रमाण आणखी वाढतं. या लोकांच्या नसेत तंतू दबलेले असतात, तुटलेले नसतात. ज्यांचे तंतू तुटतात त्यांना ते मुळापासून वाढवावे लागतात, आणि ही वाढ दिवसाला साधारण एक मिलिमीटर. म्हणून तीन ते सहा महिने जातात. वाढताना सगळे तंतू आपापल्या जुन्या वाटेला लागतातच असं नाही. पोफळीच्या वाडीत पाटाचा बांध फुटला की एका आळ्याचं पाणी भलत्याच आळ्यात शिरतं, तसं ओठाकडे जायचा तंतू पापणीच्या स्नायूत जाऊन बसतो. मग ओठ हलवायचा हुकूम गेला की पापणीही हलते. याला सिनकायनेसिस म्हणतात. गणपतीत आजार आणि शिमग्याला ही लक्षणं, हे तुमच्या बाबांचं वेळापत्रक त्यात अगदी बसतं. नव्याने लकवा आला तर तो असा हळूहळू, चेहरा सुधारत असताना येत नाही.

जेवतानाची सावली ही त्यातलीच. सावंतवाडीकडच्या एका आजींनी तिचं वर्णन केलं होतं, ‘जेवूक बसलंय की डोळ्यार पडदो पडता.’ पडदो म्हटल्यावर घरच्यांनी धसका घेतला होता, डोळ्याचा पडदा सुटला म्हणून. खात्री करायची माझी पद्धत साधी आहे. रुग्णाला समोर बसवते, डोळ्यांत बघायला सांगते आणि हातावर थोडे चणे ठेवते. चावायला सुरुवात झाली की लकव्याच्या बाजूची पापण्यांमधली फट चावण्याच्या तालावर लहानमोठी होऊ लागते. दाढ मिटली की फट अरुंद, दाढ उघडली की रुंद. पापणीची कड बाहुलीच्या वरच्या भागापर्यंत आली की वरून सावली उतरल्यासारखं वाटतं. चावणं थांबवलं की सावली गायब. मग ओठांचा चंबू करायला सांगते, सावली परत येते. एवढं डोळ्यांनी बघितलं की नातेवाइकांची अर्धी भीती तिथेच संपते.

एक शंका बरेचजण विचारतात. दिवसभर आपण हजारो वेळा पापणी मिटतो, तेव्हा अंधार जाणवत नाही, मग हाच का जाणवतो? पापणी मिटायचा हुकूम मेंदू स्वतः देतो तेव्हा त्याच क्षणी दृष्टीची जाणीवही तो थोडी मंदावतो, म्हणून उघडझाप आपल्याला कळत नाही. चावण्याच्या हुकुमात ही सोय नाही. पापणी खाली येते, पण मेंदूला ती येणार असल्याची खबर नसते. त्यामुळे सावली दिसते, आणि ती दिसते म्हणून माणूस घाबरतो.

जेवताना गळणारं पाणी वेगळ्या तंतूंचं. लाळेच्या ग्रंथीकडे जायचे तंतू अश्रूंच्या ग्रंथीकडे वळलेले असतात. आंबट पदार्थ तोंडात गेला की एकीकडे लाळ सुटते आणि दुसरीकडे डोळा भरतो. बोगोराद नावाच्या रशियन डॉक्टरने १९२८ साली याचं वर्णन केलं, त्याला ‘मगरीचे अश्रू’ म्हणतात. मी खिडकीत आमसुलांची बरणी ठेवलेली आहे ती यासाठीच. एक आमसूल जिभेवर ठेवलं की मिनिटभरात खालच्या पापणीच्या कडेला पाण्याची पट्टी फुगलेली दिसते आणि मग ती गालावर ओघळते. दुसरा डोळा कोरडाच. याच पाण्यामुळे जेवताना नजर अंधुक होते, पुसलं की साफ. कोकमाची कढी बंद करायची काही गरज नाही. डोळा चोळू नका, रुमालाने गालावरचं पाणी टिपा, बस्स.

काहींना याबरोबर कानातही आवाज येतो. डोळा मिटला की कानात घुमल्यासारखं किंवा फडफडल्यासारखं होतं. कानातल्या त्या इवल्या स्नायूची फांदीही याच नसेची, म्हणून. बाबांना तसं होत असेल आणि त्यांनी सांगितलं नसेल तर विचारा.

आता बंदरातले दिवे. मिरकरवाड्याच्या जेटीवर रात्री उभं राहून ज्यांनी ट्रॉलरचे दिवे बघितलेत त्यांना कळेल, काळ्या पाण्यावर एकेक पांढरा ठिपका लख्ख दिसायला हवा. पापणीची फट अरुंद झाली की तिच्या कडेवरची पाण्याची पट्टी बाहुलीसमोर येते आणि ती पट्टी प्रकाशाला वरखाली वळवते. दिवा उभा ताणलेला दिसतो. चांगला डोळा किलकिला करून दिव्याकडे बघा, तुम्हालाही तसंच दिसेल. बाबांच्या उजव्या डोळ्यावर हे न मागता होतं. त्यात कोरडी कॉर्निया असेल तर दिव्याभोवती झालर आणि जोडीला फिकट दुसरी प्रतिमाही उमटते.

पण ‘एकाचे दोन’ या तक्रारीवर मी कधीही तोंडी भरवसा ठेवत नाही. घरी ही परीक्षा आजच करा. दोन दिसत असतानाच बाबांना डावा डोळा तळहाताने पूर्ण झाकायला सांगा. उजव्याने अजूनही दोनच दिसतात? मग कारण उजव्या डोळ्याच्या काचेत, अश्रूंत किंवा भिंगात आहे. चार-पाच वेळा सावकाश पापण्या मिटल्यावर दुसरी प्रतिमा हलली किंवा पुसट झाली तर अश्रूंचा थरच दोषी. पण एक डोळा झाकताच, कुठलाही, दोनाचं एक होत असेल, तर दोन्ही डोळे एका दिशेला बघत नाहीयेत असा अर्थ होतो. तो सातव्या नसेचा प्रश्न नाही. सातव्या नसेचे तंतू मेंदूच्या देठात सहाव्या नसेच्या केंद्राला वळसा घालून जातात, त्यामुळे तिथल्या दुखण्यात दोन्ही एकदम सापडू शकतात. मधुमेहातही सहावी नस अचानक दुबळी होते. तसं आढळलं तर जुना एमआरआय चांगला होता म्हणून थांबू नका, त्याच आठवड्यात मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

सकाळच्या धुक्यावर मला जास्त बोलायचं आहे.

झोपेत पापणी पूर्ण मिटत नसेल तर डोळा सहसा वर फिरलेला असतो. ही निसर्गाची व्यवस्था आहे, तिलाही बेलचंच नाव आहे. त्यामुळे मधला भाग पापणीआड जातो, पण कॉर्नियाचा खालचा भाग रात्रभर उघडा राहतो. वैशाखात आपल्याकडे पंख्याशिवाय झोप लागत नाही. दमट हवेतही थेट तोंडावर येणारा वारा तो भाग सुकवून टाकतो. सकाळी अशा डोळ्यात फ्लुरोसिन या रंगाचा थेंब टाकून स्लिट लॅम्पच्या, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाच्या, निळ्या उजेडात बघितलं की कॉर्नियाच्या खालच्या एक तृतीयांश भागात हिरव्या ठिपक्यांची आडवी पट्टी चमकते. प्रत्येक ठिपका म्हणजे वरच्या थरातली एक मेलेली किंवा सुटलेली पेशी. वर नितळ, खाली रांगोळीची भुकटी सांडल्यासारखं. मग पापणी न हलवता बघायला सांगायचं आणि मोजायचं. निरोगी डोळ्यात अश्रूंचा थर दहा सेकंद किंवा जास्त टिकतो. अशा डोळ्यात तीन-चार सेकंदांतच हिरव्यात काळी भोकं पडू लागतात. बाबांचं धुकं याच भोकांतून दिसणारं आहे, असा माझा अंदाज आहे. दिवसभर डोळा उघडमिट करत राहिला की पेशी थोड्या सावरतात आणि धुकं विरतं. रोज हेच चाललं तर वरचा थर फाटतो, जंतू शिरतात आणि बुबुळावर फूल, म्हणजे पांढरा डाग, पडतं. फूल मधोमध पडलं तर नजर कमी ती कमीच.

तुम्ही स्वतः करायची तपासणी अशी. बाबा गाढ झोपले की मोबाइलचा उजेड भिंतीवर पाडून बाजूने वाकून बघा. उजव्या पापण्यांमध्ये पांढरी रेघ दिसते का? जागेपणी ‘डोळे मिटा’ म्हटलं की माणूस जोर लावून मिटतो, त्यावरून झोपेतलं काही कळत नाही. फट दिसली तर उपाय त्याच रात्री सुरू करा. निजताना डोळ्याचं वंगणाचं मलम, खालची पापणी ओढून तांदळाच्या दाण्याएवढं. मग बोटाने वरची पापणी पूर्ण खाली आणून ती मिटलेल्या अवस्थेत औषधी चिकटपट्टीने गालाला धरून ठेवायची. पट्टी लावल्यावर पुन्हा उजेड धरून बघा, फट उरलेली नाही ना. कापसाची घडी ठेवून वरून फडकं बांधू नका. आत डोळा उघडला तर कापूस थेट कॉर्नियावर घासतो, आणि अशा जखमा मी फार बघितल्या आहेत. पंख्याचा झोत पायांकडे वळवा. मलमामुळेही सकाळी थोडं धूसर दिसतं, पण ते तोंड धुतल्यावर काही मिनिटांत जातं. तासभर टिकणारं धुकं मलमाचं नव्हे.

दिवसा कृत्रिम अश्रूंचे, म्हणजे कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोजचे थेंब, ०.५ टक्के, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतात. दिवसातून सहा वेळांपेक्षा जास्त घालावे लागले तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. जाळं ओढताना किंवा सुकाणूवर एकटक बघताना माणूस पापणी मिटायला विसरतो. बाबांना सांगा, आठवण येईल तेव्हा सावकाश, वरची पापणी खालच्या पापणीला टेकेपर्यंत डोळा मिटायचा, क्षणभर थांबायचं, उघडायचा. होडीवर आणि मोटारसायकलवर कडेने बंद असलेला चष्मा हवाच. दिवसा गडद, रात्री पूर्ण पारदर्शक. रात्री काळा चष्मा घालून सुकाणू धरणारे मी ऐकले आहेत, ते कृपया करू नये.

डोळ्यात मध, आईचं दूध, कुठल्या पाल्याचा रस घालू नका. आणि डोळा लाल झाला म्हणून मेडिकलमधून स्टिरॉइडचे थेंब घेऊन येऊ नका. फाटलेल्या कॉर्नियावर ते घातले की आतला जंतू, विशेषतः आपल्या भातशेतीच्या आणि दमट हवेच्या भागात बुरशी, मोकाट वाढते. भात लावणीच्या दिवसांत किंवा माशाचा काटा, खवला डोळ्याला लागून डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन झाला नाही किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी तपासणी. दुखत नाही म्हणूनही गाफील राहू नका. कानात पुरळ येऊन झालेला लकवा, कानाजवळच्या गाठीची शस्त्रक्रिया, किंवा कुष्ठरोग यांत कधी कॉर्नियाची संवेदनाच जाते आणि जखम होऊनही दुखत नाही. कोकणात चेहऱ्याचा लकवा बघताना अंगावर बधिर, फिकट चट्टे आहेत का, हे मी अजूनही विचारते आणि बघते. कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो, लपवायची गोष्ट नाही.

अंधारातलं उजेडाचं वेटोळं सर्वांत निरुपद्रवी. डोळ्याचा पडदा उजेडानेच नव्हे, दाबानेही जागा होतो. मिटलेल्या डोळ्यावर बोटाने हलकं दाबलं की विरुद्ध बाजूला चमकती कड दिसते, ती हीच. लकव्यानंतर लोक डोळा घट्ट आवळायचा व्यायाम शंभर-शंभर वेळा करतात, स्नायू पिळून निघतो, बुबुळ दाबलं जातं आणि चमक दिसते. बाबा असा व्यायाम करत असतील तर आजच बंद करा. चमकेसाठी नव्हे, दुसऱ्या कारणासाठी. भलत्या वाटेने गेलेले तंतू जोराच्या, मोठ्या हालचालींनी आणखी पक्के होतात. फुगे फुगवणं, च्युइंगम चघळत राहणं, चेहरा वेडावाकडा करणं, हे सगळं या टप्प्यावर उलटं पडतं. विजेच्या शॉकच्या मशीनवर बसवणारे पुष्कळ आहेत, पण त्याचा फायदा पक्का सिद्ध झालेला नाही आणि सिनकायनेसिस सुरू झाल्यावर मी तरी तो सुचवत नाही. उपयोग होतो तो आरशासमोर बसून बारीक, सावकाश हालचालींचा. ओठ किंचित हलवायचा आणि डोळा हलणार नाही एवढ्यावरच थांबायचं. दोन्ही वेगळे करायला मेंदूला पुन्हा शिकवायचं असतं. महिने लागतात. शिकवणारा फिजिओथेरपिस्ट एकदा तरी भेटायला हवा.

मात्र चमक न दाबता, आपोआप, विजेसारखी येत असेल, सोबत काळे ठिपके किंवा जाळी तरंगत असेल, किंवा नजरेच्या एका बाजूने सावली चढून तिथेच थांबत असेल, तर पडदा सुटत असू शकतो. या वयात तो लकव्याशी संबंध नसतानाही सुटतो. ती सावली चावण्याशी जोडलेली नसते, आणि थांबायला वेळ नसतो. दोन्ही डोळ्यांसमोर एकाच वेळी वेड्यावाकड्या चमकत्या रेघा येऊन अर्ध्या-पाऊण तासात विरत असतील तर बहुतेक अर्धशिशी.

गोळ्यांचाही विचार करायला हवा. स्टिरॉइडने रक्तातली साखर वाढते, साखर वाढली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि चष्म्याचा नंबर आठवड्याआठवड्याला बदलतो. म्हणून साखर आणि कॉर्निया दोन्ही स्थिर होईपर्यंत नवा चष्मा करू नका, पैसे वाया जातील. काही पुरुषांना, मुख्यतः तिशी ते पन्नाशीत, स्टिरॉइडमुळे पडद्याच्या मधोमध पाणी साचतं. मग मध्ये करडा डाग दिसतो, सरळ रेघा वाकड्या वाटतात, वस्तू लहान दिसते. एक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे बघितलं की कळतं, गज वाकलेले दिसले तर तपासणी. लकव्यासाठीच्या गोळ्या साधारण दहा दिवसांच्या असतात आणि बाबांच्या कधीच संपल्या असतील. पण ‘नस मोकळी व्हावी’ म्हणून कुणी दिलेली पुडी अजून चालू असेल तर तिच्यात काय आहे ते शोधा. फार दिवस स्टिरॉइड चालू असेल तर ते एकदम बंद करायचं नाही, डॉक्टरांना विचारून उतरवायचं.

आधी सांगितलेलं आठवा: वरची पापणी दिवसभर, न चावताही, पडलेलीच राहत असेल, बाहुल्या लहानमोठ्या दिसत असतील, तर ते सातव्या नसेचं नाही. तसंच हातपाय अडखळणं, बोलणं जड होणं, दुसऱ्या बाजूचाही चेहरा उतरणं. यात घरगुती परीक्षा करत बसू नका.

पुढचे उपाय आहेत, आणि ते ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. पापणीच्या स्नायूत बोटुलिनम टॉक्सिन या स्नायू ढिला करणाऱ्या औषधाची अगदी बारीक मात्रा दिली की जेवतानाची सावली कमी होते. परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात, टिकतो तीन-चार महिने. अश्रुग्रंथीत दिलं तर जेवतानाचं पाणीही आटतं. पण पापणी नीट मिटत नसताना हे इंजेक्शन घेतलं तर मिटणं आणखी दुबळं होतं, म्हणून आधी कॉर्निया, मग सावली, हा क्रम मी सोडत नाही. खालची पापणी लोंबत असेल तर ती ताणून बसवता येते. वरच्या पापणीत सोन्याचं छोटं वजन बसवतात, त्याच्या भाराने ती मिटते. ही कामं कोल्हापूर, मुंबई किंवा गोव्याला बांबोळीत होतात. कॉर्नियाला धोका नसेल तर शस्त्रक्रियेची घाई नको, नसेला वर्षभर तरी द्यावं.

होडीचं काय? दिवसा, डोळा स्वच्छ असताना, बाबा जाऊ शकतात. रात्री एकट्याने सुकाणू नको, दिव्यांची ही तक्रार असेपर्यंत तरी. उभा ताणलेला दिवा किती लांब आहे याचा अंदाज चुकतो, आणि त्याचा भुर्दंड खलाशांनाही बसू शकतो. सुकाणूवर असताना तोंडात पान-सुपारी नको, चावलं की सावली येणारच. १ जूनला मासेमारीची पावसाळी बंदी सुरू होते. रात्रीची पट्टी आणि मलम आत्ताच लावायला घ्या, आणि बंदीच्या दिवसांत आरशासमोरचा सराव नेमाने करा.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना तीन छोटे व्हिडिओ घेऊन जा: बाबा जेवताना समोरून, झोपलेले असताना बाजूने, आणि ‘डोळे सावकाश मिटा’ म्हटल्यावर मिटताना. दवाखान्यात गेल्यावर माणूस सावरून बसतो आणि जे घरी रोज होतं ते तिथे होत नाही. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तपासून घ्या. एमआरआयचे कागद सोबत असू द्या, पण आधी व्हिडिओ दाखवा, आणि डोळ्यात हिरवा थेंब घालून तपासायला सांगा.